ॲलर्जीचं पॅकेज नको, आधी डॉक्टरची चिठ्ठी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर गेल्या सोमवारी परत तोच कागद लागलाय. रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये कॅम्प, एकदाच रक्त द्या आणि दोनशेच्या वर पदार्थांची ॲलर्जी तपासून घ्या, घरातल्या दुसऱ्या माणसाला डिस्काउंट. हातात भाजीच्या पिशव्या घेऊन मी लिफ्टसमोर तशीच उभी राहिले, कारण दीड वर्षापूर्वी असाच कागद वाचून मी माझ्या सहा वर्षांच्या लेकीला त्याच क्लबहाऊसमध्ये घेऊन गेले होते. त्यानंतरचे आठ महिने आमच्या घरात काय चाललं होतं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. पत्र लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

लेकीला तेव्हा रोज पहाटे शिंका यायच्या, एकामागून एक दहा-बारा, नाक सतत तळहाताने वर चोळायची त्यामुळे नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघच पडली होती, डोळ्यांखाली काळं. आणि त्याशिवाय दोन-तीन वेळा अंगावर गांधी उठल्या होत्या. आमच्याकडे त्याला पित्त उठलं म्हणतात, सासूबाई लगेच आमसूल भिजत घालायच्या, ते पाणी पाठीला-पोटाला लावायच्या, संध्याकाळपर्यंत उतरायचं. पण मला धीर नव्हता. ऑफिसमध्ये, शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच, अगं ॲलर्जी टेस्ट करून घे ना, एकदाच काय ते कळेल. मलाही ते पटलं. एकदाच काय ते कळावं असं कुठल्या आईला वाटत नाही.

कॅम्पमध्ये फॉर्मवर नाव, वय, मोबाईल नंबर एवढंच विचारलं. शिंका कधी येतात, काय खाल्ल्यावर गांधी उठल्या, घरात कुणाला दमा आहे का, यातला एकही प्रश्न नव्हता आणि मीही सांगितलं नाही, मला वाटलं रक्तच सगळं सांगणार आहे. साडेसहा हजार भरले. चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर चौदा पानांची पीडीएफ आली, हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्या. लाल मध्ये गहू, गाईचं दूध, शेंगदाणा, तूरडाळ, केळं, टोमॅटो, वांगं. म्हणजे आमच्या घरात रोज जे जे शिजतं ते सगळं. मग एका बाईंचा फोन आला, दहा मिनिटं बोलल्या, लाल वस्तू सहा महिने पूर्ण बंद, पिवळ्या आठवड्यातून एकदा. मी वहीत लिहून घेतलं आणि ती वही फ्रिजवर चिकटवली.

शेंगदाणा बंद म्हणजे मराठी घरात काय होतं ते सांगायला नको. आमच्याकडे कोशिंबिरीत कूट, भेंडीत कूट, साबुदाण्यात कूट, तोंडल्याच्या भाजीतसुद्धा कूट. सासूबाई तिच्यासाठी वेगळी कढई ठेवायला लागल्या. चपाती नाही म्हणून डब्यात भाकरी, ती मधल्या सुट्टीपर्यंत वातड व्हायची, अर्धी परत यायची. आमटी मुगाची. दुधाच्या जागी टेट्रापॅकमधलं बदामाचं काहीतरी, ते ती तोंडात धरून बेसिनमध्ये सोडायची. संक्रांतीला सगळी पोरं वड्या खात फिरत होती आणि ही प्रत्येक घरात हातात तिळगूळ घेऊन माझ्याकडे बघायची, आई यात दाणे आहेत का. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की टीचर काळजीने हिला बाजूच्या बाकावर बसवायच्या, त्यांचाही इलाज नव्हता, मीच लेखी देऊन ठेवलं होतं. पुढे पुढे तर कुणाकडे पाणी दिलं तरी विचारायची, हे मला चालतं का. सहा वर्षांच्या मुलीने पाणी चालतं का विचारावं. वजन साडेएकोणीसवरून अठरावर आलं, ज्या वयात ते दर वर्षी दोन किलो तरी वाढायला पाहिजे त्या वयात.

आणि शिंका? शिंका होत्या तशाच. पहाटे साडेपाचला सुरू. दिवाळीनंतर तर जास्तच झाल्या.

शेवटी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे वजनासाठी गेलो तेव्हा त्यांनी ती पीडीएफ पाहिली, मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला आणि ॲलर्जीचं शिक्षण घेतलेल्या एका डॉक्टर बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी पहिली चाळीस मिनिटं टेस्टचा विषयच काढला नाही. नुसतं विचारत होत्या. शिंका झोपेतून उठताना येतात की शाळेत पण येतात? सुट्टीत गावाला गेल्यावर कमी होतात का? झोपते कुठे, गादी कापसाची की फोमची, किती वर्षांची? पांघरायला काय? मी म्हटलं गोधडी, आजीच्या जुन्या नऊवारीची, फार मऊ आहे, थंडीत तिच्याशिवाय तिला झोपच येत नाही. ती गोधडी बाकीचं वर्ष माळ्यावर असते, थंडी पडायला लागली की दिवाळीत खाली येते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, शिंका दिवाळीनंतर वाढतात असं तुम्हीच मगाशी म्हणालात ना.

मला तिथेच रडू आलं. आठ महिने मी तिच्या ताटात शोधत होते आणि कारण तिच्या अंगावर पांघरलेलं होतं.

अर्थात नुसत्या अंदाजावर त्यांनी सोडलं नाही, स्किन प्रिक टेस्ट करूया म्हणाल्या, आणि इथे आमची अजून एक फेरी फुकट गेली. तारीख फोनवरून रिसेप्शनला घेतली होती, ऑफिसात रजा टाकली, हिला शाळा बुडवायला लावली. हातावर थेंब टाकले, टोचलं, पंधरा मिनिटं झाली आणि काहीच उठलं नाही, अगदी जो थेंब प्रत्येकाच्या हातावर उठायलाच पाहिजे तोही नाही. त्यांनी विचारलं काही औषध दिलं होतं का? आदल्या रात्री सर्दीचं सिरप दिलं होतं. त्या सिरपमध्ये ॲलर्जी दाबणारं औषध असतं, अँटीहिस्टामिन, ते पोटात असेल तर त्वचा उत्तरच देत नाही. सेटिरिझिनसारख्या गोळ्या टेस्टच्या आधी पाच ते सात दिवस बंद लागतात आणि सर्दीच्या बहुतेक सिरपमध्ये याच जातीचं काहीतरी असतं. हे फोनवर तारीख देताना कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर आमची रजा वाचली असती. ज्यांना टेस्ट करायचीय त्यांनी चालू असलेली सगळी औषधं आधीच डॉक्टरांना दाखवा, आणि दम्याचा पंप मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याने या टेस्टला अडथळा येत नाही.

पुढच्या आठवड्यात परत गेलो. ही टेस्ट कशी असते याची पुष्कळ लोकांना उगाच भीती असते म्हणून सांगते. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आकडे काढतात, आमच्या हिला चौदा. प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब, धुळीतल्या किड्यांचा (हे जुन्या गाद्या-गोधड्यांत राहतात), झुरळाचा, गवताच्या परागकणांचा, बुरशीचा, दुधाचा, गव्हाचा, शेंगदाण्याचा. त्यात एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत खाज-सूज आणणाऱ्या रसायनाचा, तो फुगलाच पाहिजे, आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो फुगता कामा नये. हे दोन बरोबर आले तरच बाकीचं वाचायचं. मग प्लास्टिकच्या बारीक टोकाने प्रत्येक थेंबातून वरच्या कातडीला जरासं टोचतात, रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटं बसायचं आणि खाजवायचं नाही, तेच काय ते अवघड. हिने दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं आणि तिसऱ्या-चौथ्या आकड्यापाशी कातडी पांढरी फुगत होती, भोवती लाल होत होतं, अगदी डास चावल्यासारखं. डॉक्टरांनी पारदर्शक पट्टीने एकेक मोजलं. मिठाच्या पाण्याच्या मानाने तीन मिलिमीटर किंवा जास्त फुगलं तर पॉझिटिव्ह धरतात. धुळीतल्या किड्याच्या दोन जाती, एकीला नऊ, दुसरीला सात. गवताचे परागकण चार. शेंगदाणा शून्य. दूध शून्य. गहू तीन.

गहू तीन ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी विचारलं, ते पॅकेज करायच्या आधी ही चपाती खात होती ना? रोज. दोन्ही वेळा. खाल्ल्यावर कधी ओठ सुजले, उलटी झाली, धाप लागली, अंगावर उठलं? कधीच नाही. मग गव्हाची ॲलर्जी नाही, आजच चपाती द्या. गहू पण शेवटी गवताच्याच कुळातला, गवताच्या परागकणांना जे शरीर ओळखतं ते गव्हालाही थोडंफार ओळखतं, म्हणून एवढंसं फुगलं. शरीर ओळखतं आणि शरीराला त्रास होतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी मला दोनदा समजावलं. आणि टेस्ट निगेटिव्ह आली तर त्यावर बराच भरवसा ठेवता येतो, पण पॉझिटिव्ह आली तर आधी माणसाला विचारायचं, तुला खरंच काही होतं का. ॲलर्जीच्या खऱ्या रक्ततपासणीलाही (आमच्या पॅकेजची नव्हे) हेच लागू आहे. ०.३५ च्या वर आकडा गेला की रिपोर्टवर पॉझिटिव्ह छापून येतं, पण आकडा मोठा म्हणजे रिॲक्शन मोठी येणार असं नसतं.

मग मी विचारलं की त्या चौदा पानांचं काय. त्यांनी पहिल्या पानावरचा एक शब्द दाखवला. मी तो शंभर वेळा वाचला होता आणि एकदाही पाहिला नव्हता. आयजीजी. लगेच उठणारी ॲलर्जी ज्या प्रतिपिंडामुळे (अँटीबॉडी, बाहेरची गोष्ट ओळखायला शरीर रक्तात तयार करतं ते) होते ते आयजीई. इशिझाका नावाच्या जपानी शास्त्रज्ञ नवरा-बायकोने अमेरिकेत काम करताना आणि स्वीडनमधल्या दोघांनी आपापलं वेगळं असं १९६० च्या दशकात ते शोधलं, आणि १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव पक्कं झालं. आयजीजी हे निराळं प्रतिपिंड. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी सगळ्यांच्याच रक्तात सापडू शकतं, ती शरीराची साधी नोंद आहे की हा पदार्थ माझ्या ओळखीचा आहे. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की अन्नाची ॲलर्जी शोधायला ही आयजीजीची तपासणी वापरू नका, अमेरिका आणि कॅनडातल्या संघटनाही हेच म्हणतात. म्हणजे माझ्या लेकीच्या लाल पट्ट्यांत चपाती, वरण, दाणे, केळं का होतं? कारण ती ते रोज खात होती. तिने रोज सुशी खाल्ली असती तर तिथे सुशी आली असती. आणि त्या आजाराची नसलेली ही तपासणी आमच्या क्लबहाऊसमध्ये ॲलर्जी टेस्ट म्हणून विकली गेली आणि मी घेतली.

गांधींचं पण विचारलं. लहान मुलांत असं अचानक अंगावर उठतं त्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हायरल इन्फेक्शन, सर्दी-तापाच्या आगेमागे येतं आणि जातं. मागे जाऊन आठवलं तर प्रत्येक वेळी तिला ताप होता.

खाणं बंद करणं बिनधोक असतं असं मला वाटायचं, त्यात काय, नाही दिलं तर नाही दिलं. तेही खरं नाही. लंडनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१५ मध्ये आला, एक्झिमा (कातडी कोरडी पडून सतत खाजणारा आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली म्हणजे जोखमीतली बाळं घेतली होती, त्यातल्या निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली आणि निम्म्यांना पाच वर्षं दिलाच नाही, तर ज्यांना दिला नव्हता त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी जास्त निघाली. बाळांना अख्खा दाणा कधीच देत नाहीत, घशात अडकतो, पातळ करून दिला होता. पण यावरून एवढं तरी कळतं की मुलांच्या ताटातून उगाच वस्तू काढत बसण्याची किंमत असते, आणि एक्झिमावाल्या मुलांचं दूध बरेच महिने बंद ठेवून परत दिल्यावर खरी रिॲक्शन आल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून डॉक्टरांनी हिला शेंगदाणा आणि दूध परत सुरू करताना पहिले घोट आणि पहिला चमचा क्लिनिकमध्ये बसवून दिला. चमचाभर कूट तिने चाटून खाल्लं आणि विचारलं, अजून आहे?

कर्नाटकात मोठ्या माणसांवर एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. रक्ततपासणीत कुठल्या ना कुठल्या खाण्याला पॉझिटिव्ह आलेले २६.५ टक्के लोक, आणि खरोखर अन्नाची ॲलर्जी असावी असे फक्त १.२ टक्के. आणि हे योग्य प्रतिपिंड मोजून, आयजीई मोजून आलेलं. म्हणजे लक्षणं न विचारता शंभर लोकांचं रक्त घेतलं तर पंचवीस जणांना उगाच भीती घालता येते. कॅम्पमध्ये नेमकं हेच होतं.

हे सगळं वाचून कुणी असा अर्थ काढू नये की ॲलर्जीची टेस्टच करू नका. उलट. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलाचं सांगते, तेव्हा चार वर्षांचा होता. गणपतीत काजूकतली खाल्ली आणि ओठ सुजला. घरातले म्हणाले पित्त आहे, आमसूल लावलं, उतरलं. दोन महिन्यांनी लग्नात परत काजूची बर्फी, आणि पंधरा मिनिटांत अंगभर गांधी, दोन उलट्या, छातीतून शिट्टीसारखा आवाज. जवळच्या हॉस्पिटलमध्ये आधी ॲलर्जीचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड दिलं, ॲड्रेनॅलिन द्यायला वेळ गेला, तेवढ्या वेळात मैत्रीण काय काय बोलली देवाशी ते तिलाच माहीत. खरं तर अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनॅलिन हेच पहिलं औषध, बाकी सगळं नंतर. या मुलाची टेस्ट पहिल्या वेळीच व्हायला हवी होती, दोनशे पदार्थांची नाही, एका काजूची आणि काजूचा जवळचा भाऊ म्हणून पिस्त्याची. आता त्याच्याकडे टेस्टचा कागद आहे, शाळेच्या दप्तरात चिठ्ठी आहे, आणि परदेशात मिळतं तसं पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहजासहजी मेडिकलमध्ये मिळत नाही म्हणून डॉक्टरांनी मैत्रिणीला ॲम्प्यूल फोडून सिरिंजमध्ये औषध भरायला शिकवलंय. ती दर रविवारी साध्या पाण्यावर सराव करते. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी पॅकबंद पदार्थांवर शेंगदाणा, सुका मेवा, दूध, अंडं, मासे, सोया असल्या गोष्टी स्पष्ट लिहायला लावल्यात हे चांगलंच झालं, पण सुट्या मिठाईच्या काउंटरवर कुठलं लेबल. आंबा बर्फीत काजूची पेस्ट आहे का हे विचारल्यावर दुकानातला मुलगा आतल्या माणसाकडे बघतो, आतला माणूस मान हलवतो, त्या मान हलवण्यावर तिने मुलाला काय द्यायचं?

दुसरी गोष्ट माझ्या मामाची, फलटणकडे शेती आहे. चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या आतल्या घड्या, सगळं लाल होऊन खाजायचं, कातडी जाड काळी पडलेली, पावसाळ्यात असह्य. मुंबईला मुलीकडे पंधरा दिवस राहिला की बरं वाटायचं, गावी आला की परत. त्यालाही कुणीतरी रक्ताचं पॅकेज करायला लावलं आणि तीन वर्षं मामाने वांगं, मासे, अंडं सोडलं. शेवटी मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात गेला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली, ही पूर्ण वेगळी. पाठीवर छोट्या छोट्या टिकल्यांमध्ये ज्यांचा संशय आहे ते पदार्थ लावून पट्ट्या चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही, मग पट्ट्या काढून एकदा बघतात आणि चौथ्या दिवशी परत एकदा बघतात. निघालं काय, तर गाजरगवत. आपण ज्याला काँग्रेस गवत म्हणतो ते, जे बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या कंपाउंडला सगळीकडे आहे. आपल्या पुण्यात ते १९५५ च्या सुमाराला दिसलं, आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात. त्याच्या वाळलेल्या कणांनी सुद्धा हवेतून कातडीला त्रास होतो. या प्रकारची ॲलर्जी आयजीईची नसतेच, थेट शरीराच्या संरक्षक पेशींची असते, म्हणजे मामाने रक्त शंभर वेळा दिलं असतं तरी त्यात गाजरगवत दिसलं नसतं. आता मामा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, शेतातून आला की आधी अंघोळ, बांधावरचं गवत फुलावर यायच्या आत दुसऱ्याकडून उपटून घेतो. आणि वांग्याचं भरीत खातो.

तीन माणसं, तीन वेगळी कारणं. कुणाला कुठली टेस्ट हे ठरवलं कुणी? ज्याने बसून ऐकून घेतलं त्याने. मामाला मुंबईत बरं वाटतं हे, मुलाने काय खाल्लं आणि किती मिनिटांत उठलं हे, शिंका दिवाळीनंतर वाढतात हे, यातलं काहीही सॅम्पलच्या नळीत जात नाही.

म्हणून आपल्या वृत्तपत्रातून माझी मागणी आहे, आरोग्य खात्यापर्यंत पोचली तर बरं. ॲलर्जीचं पॅनल डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कॅम्पमध्ये विकायला बंदी करा, निदान अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी तरी लगेच करा. आयजीजीच्या तपासणीला ॲलर्जी टेस्ट हा शब्द वापरू देऊ नका. रिपोर्टच्या पहिल्याच पानावर मराठीत, मोठ्या अक्षरात छापा की पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही पदार्थ बंद करू नका. आणि स्किन प्रिक टेस्ट आमच्यासारख्यांना पुण्यात पैसे टाकून मिळाली पण फलटणच्या, सांगोल्याच्या, मोखाड्याच्या आईने कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी ही सोय आणि ती वाचता येणारा डॉक्टर असायला पाहिजे. थेंबांच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात, रिॲक्शन आली तर ॲड्रेनॅलिन हाताशी लागतं, शिकलेला माणूस लागतो, त्यापेक्षा जास्त अवघड असं त्यात काही नाही.

आमच्या घरी आता गादीला आणि उशीला चेन असलेली बारीक विणीची खोळ आहे. चादरी दर आठवड्याला साठ डिग्रीच्या पाण्यात धुते. धुळीतले हे किडे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे, डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या अंगाच्या गळलेल्या कातडीवर जगतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच शोषून घेतात, म्हणून आपल्याकडे पावसाळा संपता संपता गाद्यांमध्ये भरपूर वाढलेले असतात. नाकात रोजचा स्प्रे चालू आहे. शिंका बंद झाल्या असं म्हणणार नाही पण पहाटे दोन-तीनवर आल्यात आणि नाकावरची रेघ पुसट झालीये. वजन एकवीस किलो. गोधडी टाकून द्यायला सासूबाईंचं मन होईना, माझंही नाही, म्हणून ती गरम पाण्यात धुवून, वैशाखाच्या उन्हात दोन दिवस गच्चीवर वाळवून खोळीत शिवून घेतली. लेक आता खोळीसकट पांघरते, तक्रार करते की मऊ लागत नाही.

नोटीस बोर्डावरचा तो कागद अजून तिथेच आहे. सेक्रेटरींना मी कालच लेखी पत्र दिलंय की कॅम्प घ्यायचाच असेल तर आधी एक तास डॉक्टर बसवा, जो लोकांचं ऐकेल आणि ज्याला टेस्टची गरज आहे त्यालाच पुढे पाठवेल. ते म्हणाले कमिटीत ठेवतो. कॅम्प रविवारी आहे, कमिटीची मीटिंग त्याच्या पुढच्या शनिवारी. तेव्हा रविवारी सकाळी नऊ वाजता मीच क्लबहाऊसच्या दाराशी खुर्ची टाकून बसणार आहे, माझी चौदा पानं आणि लेकीच्या हाताचा फोटो घेऊन. जे मुलांना घेऊन येतील त्यांना दाखवीन.

आपली,
एक आई आणि आपल्या अंकाची रोजची वाचक,
सिंहगड रस्ता, पुणे